बागेला कुलूप कोणी लावलं?



मी निवृत्त फौजी अधिकारी. मूळचा सातारा जिल्ह्यातला. सासुरवाडी जबलपूरची आणि शेवटची पोस्टिंगही इथलीच, म्हणून निवृत्तीनंतर घर इथेच बांधलं. तुमच्यापैकी कोणी पुण्यात असेल, कोणी इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला. फौजी माणूस बोलायला उभा राहिला की सरहद्दीच्या गोष्टी ऐकायला मिळतील असं सगळ्यांना वाटतं. आज तसं काही नाही. आज मी आमच्या वसाहतीतल्या जेमतेम एकरभर बागेची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या बागेच्या बाबतीत मी केलेल्या चुकीची.

चार वर्षांपूर्वी आमच्या बागेच्या सुधारणेसाठी थोडा निधी मिळण्याची शक्यता निर्माण झाली. रहिवाशांनी काय हवं ते लिहून द्यावं, म्हणजे अंदाजपत्रक करता येईल, असा निरोप आला. वसाहतीच्या समितीनं हे काम माझ्यावर सोपवलं. "कर्नलसाहेब, तुम्हीच करा, तुम्हाला शिस्तीचं कळतं." मलाही बरं वाटलं. निवृत्त माणसाला कोणी काम सांगितलं की बरं वाटतंच.

मी एका संध्याकाळी यादी केली. भोवताली पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा ट्रॅक. ओपन जिमची यंत्रं. बाहेरची माणसं येऊ नयेत म्हणून उंच जाळी आणि मोठं फाटक. मधल्या मातीच्या मैदानावर हिरवळ, आणि हिरवळीवर खेळायला बंदी. वेळ सकाळी पाच ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. मधल्या वेळात कुलूप. खाली सही केली. यादी मंजूर झाली, काम झालं, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. मंजूर करणाऱ्यांचा काही दोष नाही. मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं.

दोन महिन्यांनी एके दुपारी सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तुम्ही बाग केलीत की छावणी?"

मी हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी दुपारी आमच्या कोपऱ्यावर आरडाओरडा झाला. वसाहतीत कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्याचा अकरा वर्षांचा मुलगा रस्त्यावर क्रिकेट खेळत होता. चेंडूमागे धावला आणि स्कूटरखाली आला. पायाचं हाड मोडलं. स्कूटरवाला हळू चालवत होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं. मी मुलाच्या बापाबरोबर दवाखान्यात बसलो होतो. तो मला काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "साहब, पहले तो ये लोग बगीचे में खेलते थे."

मंडळी, बागेच्या कुलपाची वेळ ज्या कागदावर लिहिली होती, त्यावर सही माझी होती.

फौजेत पहिल्या वर्षापासून एक गोष्ट शिकवतात. हुकूम देण्याआधी रेकी करा. जमीन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तीसएक वर्षं मी हे जवानांना शिकवलं, आणि घरासमोरच्या बागेची रेकी केली नाही. मी रोज सकाळी सहाला तिथे फिरायचो, म्हणून मला वाटलं बाग मला ठाऊक आहे. मला ठाऊक होती ती फक्त सकाळी सहाची बाग.

मग उशिरा का होईना, वही घेतली. आठवडाभर दिवसातून सहा वेळा बागेपाशी जाऊन बसलो. कोण आहे, कुठे बसलंय, काय करतंय, ते लिहिलं. कोण नाही, तेही लिहिलं. दुपारी एकच्या सुमाराला घरकाम करणाऱ्या बायका कुलूपबंद फाटकाबाहेर फुटपाथवर डबे उघडून बसत होत्या. पूर्वी त्या आत कडुनिंबाखाली बसायच्या. समोरचे आजोबा गुडघ्यांमुळे मातीवर चालायचे. पेव्हर ब्लॉक त्यांना टणक लागतात, आणि जबलपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी सहालासुद्धा ते तव्यासारखे तापलेले असतात. ओपन जिमवर पहिले पंधरा दिवस गर्दी होती, नंतर दोन यंत्रं करकरायला लागली. दहा-बारा वर्षांवरच्या मुली तर कुठेच दिसल्या नाहीत. सौभाग्यवतीला विचारलं, तर ती म्हणाली, "बागेत बाथरूम नाही, मागच्या कोपऱ्यात दिवा नाही आणि मध्ये टोळकी बसलेली असतात. तुम्ही पाठवाल का नात?"

हा प्रश्न फक्त आमच्या वसाहतीचा नाही. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात पाहणी झाली. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून नाहीशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, असं त्यात दिसलं. मोठं मोकळं मैदान एकच असलं की ते मुलगे व्यापतात, आणि त्यांच्याशी भांडण्यापेक्षा मुली घरी राहणं पसंत करतात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा नव्यानं आखल्या. मैदानाचे लहान भाग केले, वाटा सुधारल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा दिली. मुली परत आल्या. आधी कोणीतरी मोजलं होतं, म्हणून हे सुधारता आलं.

आता जबलपूरबद्दल थोडं. हे तलावांचं गाव. अधारताल, रानीताल, चेरीताल, हाथीताल ही आमच्या मोहल्ल्यांची नावं आहेत. गोंड राजांच्या काळात इथे बावन्न तलाव होते, असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. त्यातले कित्येक आता फक्त नावात उरले. पाणी गेलं, जमीन उघडी पडली, त्यावर वस्ती झाली. काही ठिकाणी मात्र मोकळी जागा वाचली. शहराच्या मध्यावरची भंवरताल बाग त्यातलीच. नावातला 'ताल' अजून साक्ष देतो.

याच भंवरतालमध्ये २१ मार्च १९५३च्या रात्री मौलश्रीच्या, म्हणजे आपल्या बकुळीच्या झाडाखाली आपल्याला संबोधी प्राप्त झाली, असं आचार्य रजनीश सांगत. तेव्हा ते जबलपुरात कॉलेजात शिकत होते. त्यांच्याच सांगण्यानुसार, त्या रात्री बाग बंद होती आणि त्यांना फाटकावरून चढून आत जावं लागलं. त्यांचे विचार पटोत न पटोत, मला त्यातलं फाटक आठवतं. तेव्हाही कुलूप होतंच.

दुसरी आठवण सौभाग्यवतीची आहे. २२ मे १९९७, रात्री सव्वा वाजून गेला होता. जबलपूरला भूकंप झाला. मी दूर पोस्टिंगवर होतो, ती मुलांना घेऊन माहेरी आली होती. भिंतींना तडे गेले. शहरात आणि आसपास तीसहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर कित्येक रात्री मोहल्लेच्या मोहल्ले घराबाहेर झोपले. कोणी रस्त्यावर, कोणी मैदानात. तिच्या मोहल्ल्यातली माणसं जवळच्या मोकळ्या मैदानात सतरंज्या टाकून होती. त्या मैदानाला फाटकच नव्हतं. वही घेऊन मी घरी आलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तशी रात्र पुन्हा आली, तर तुमच्या बागेची किल्ली कोणाकडे असेल?" किल्ली समितीच्या खजिनदारांकडे असते, आणि ते उन्हाळ्यात मुलाकडे बंगळुरूला जातात. मी उत्तर दिलं नाही.

मग मी कायद्याची पुस्तकं काढली. तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

बाग ही कोणाची मेहेरबानी नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिनं राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा कामांची ती यादी. त्यात बारावा विषय आहे उद्यानं, बगिचे आणि खेळाची मैदानं. तीन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, हेही याच दुरुस्तीत आहे. २०११च्या जनगणनेत जबलपूर महापालिकेची वस्ती साडेदहा लाखांवर होती. आमच्याकडे नगरसेवकाला पार्षद म्हणतात, आणि मोठ्या खर्चाचे निर्णय मेयर-इन-काउंसिलपुढे जातात. तुमच्या राज्यात नावं वेगळी असतील, पण साखळी तीच. कोणीतरी मागणी लिहितो, अभियंता अंदाजपत्रक करतो, समिती मंजुरी देते, टेंडर निघतं. या साखळीतली पहिली कडी आपण आहोत. ती चुकली, तर पुढचे सगळे आपली चूक अगदी नियमानुसार बांधून देतात. माझ्या बाबतीत तेच झालं.

बागेची जागा गेली तर काय करायचं? बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप चालणार नाही असं ठरवलं, आणि रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे, हेही सांगितलं. रुग्णालय चांगलीच गोष्ट, पण बागेच्या जागी नव्हे.

पैशाचं म्हणाल, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेत पाणी आणि सांडपाण्याबरोबर बागांनाही जागा होती. रकमेच्या अडीच टक्क्यांपर्यंत, आणि मुलांच्या व वृद्धांच्या सोयींवर भर देऊन. नागरिकांना विचारायची पद्धतही आपल्या महाराष्ट्रात आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, पाच लाख रुपयांपर्यंतची. बाकं, दिवे, पदपथ, असली छोटी कामं. ही कल्पना मूळची ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ची.

पण मंडळी, विचारणं म्हणजे काय, हे मला नव्यानं शिकावं लागलं. सूचना मागवल्या की लिहून कोण देतं? माझ्यासारखा. ज्याला वेळ आहे, लिहिता येतं आणि ऑफिसात खुर्ची मिळते. फुटपाथवर डबा खाणारी बाई सूचनापेटीत चिठ्ठी टाकायला येत नाही. तिच्याकडे आपणच जायला हवं.

म्हणून पुढच्या खेपेला मी वेगळ्या पद्धतीनं अर्ज केला. तुम्ही करणार असाल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, आठवडाभर मोजा. सकाळ, भरदुपार, संध्याकाळ, रात्र. जे येत नाहीत, त्यांना त्यांच्या दारात जाऊन विचारा. आमच्याकडे बायकांना आणि मुलींना सौभाग्यवतीनं विचारलं. मला त्यांनी खरं सांगितलं नसतं.

दुसरी, जे आहे ते काढून टाकण्याआधी ते कोणाच्या कामाचं आहे ते बघा. मला जी नुसती मातीची मोकळी जागा वाटली, ती मुलांचं मैदान होती आणि आजोबांचा रस्ता होती.

तिसरी, वस्तू मागण्याआधी देखभाल मागा. दिवा गेला तर कोण बदलणार, शौचालय रोज कोण धुणार, रोपांना मे महिन्यात पाणी कोण घालणार? उत्तर नसेल, तर यंत्रं दोन कमी घ्या आणि माळ्याचे तास वाढवून मागा.

चौथी, वेळ साधा. महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. अंदाजपत्रक पुढे येतं तेव्हा बहुतेक गोष्टी ठरलेल्या असतात. दसरा-दिवाळीच्या आत कागद पोहोचवा, आणि बैठकीला एकटे जाऊ नका.

आम्ही सहाजण गेलो. त्यात एक घरकाम करणाऱ्या बाई होत्या आणि एक नववीतली मुलगी. मी पाच मिनिटं बोललो, कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मुलगी अर्धा मिनिट बोलली. म्हणाली, "सर, पीछे वाले कोने में एक लाइट लगा दीजिए, हम लोग बैडमिंटन वहीं खेल लेंगे." अभियंत्यानं लगेच वहीत टिपून घेतलं.

काय झालं आणि काय झालं नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. कुलूप निघालं. फाटक पहाटेपासून रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आणि किल्ली आता फाटकासमोरच्या तीन घरांत ठेवलीय. मागच्या कोपऱ्यात दिवा लागला. अर्ध्या हिरवळीवरची खेळबंदी गेली. तिथली हिरवळ मुलांनी महिनाभरात संपवली आणि पुन्हा माती केली. आता आजोबाही तिथूनच चालतात. शौचालय अजून नाही. देखभालीचं कोण बघणार, यावर गाडी अडलीय. उंच जाळी आहे तशीच आहे. ती काढायला पुन्हा पैसे लागतील, आणि ती मीच मागितली होती.

वसाहतीत सगळेच खूश आहेत असं नाही. दुपारी "बाहेरची" माणसं येऊन बसतात, अशी तक्रार येते. तक्रार करणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या घरची भांडी घासणारी बाई बाहेरची कशी?

इस्त्रीवाल्याचा मुलगा आता व्यवस्थित चालतो. धावताना किंचित लंगडतो, म्हणून तो धावत नाही, ऑफ स्पिन टाकतो. परवा मला म्हणाला, "अंकल, आप अंपायर बन जाइए." झालो. पहिल्याच षटकात चुकीचा निर्णय दिला आणि सगळी पोरं माझ्यावर ओरडली. मी निर्णय बदलला.

तुमच्या घराजवळ बाग असेल, तर उद्या दुपारी दोन वाजता जाऊन बघा. फाटक उघडं असेल तर आत बसा. बंद असेल, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.

जय हिंद.