पोळे आणि बोंड



मुकुटबन परिसरातील काळ्या जमिनीत कपाशी फुलावर आली की तेथे दोन जीव वावरतात. एक आग्या मधमाशी, दुसरी गुलाबी बोंडअळी. जैन शास्त्रांच्या वर्गीकरणात मधमाशी आणि बोंडअळीचा पतंग हे दोघेही चतुरिंद्रिय जीव होत. परंतु त्यांची जीवनपद्धती अत्यंत भिन्न आहे.

आग्या मधमाशी समूहात जगते. उंच वृक्षाच्या फांदीला वा पाण्याच्या टाकीखाली तिचे एकच उघडे पोळे लोंबते. राणी एक, कामकरी माश्या हजारो. ऋतू पालटला की संपूर्ण वसाहत स्थलांतर करते. ती फुलातील मकरंद घेते, पण फूल दुखावत नाही. उलट परागकण वाहून फलधारणेस साहाय्य करते. पोळ्याच्या रक्षणार्थ माणसाला दंश केला, तर नांगी तेथेच अडकून ती स्वतःचे प्राण गमावते.

बोंडअळी एकाकी असते. अंड्यातून बाहेर पडताच ती कळीत वा बोंडात शिरते. तिने ग्रासलेले फूल नीट उमलत नाही. त्यास 'डोमकळी' म्हणतात. सरकी खाऊन ती वाढते आणि अन्न संपले की जोडलेल्या सरक्यांत महिनोन्‌महिने सुप्त पडून राहते.

तिच्या ठायी वैर नाही. फरदड घेऊन कपाशीचा हंगाम लांबविणाऱ्या मनुष्यानेच तिला दीर्घकाळ अन्न पुरविले. २००२ साली भारतात मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीलाही ती कालांतराने पुरून उरली. २०१७ साली तिचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. बोंडात बंदिस्त अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. तो पोहोचतो फुलावरील मधमाशीपर्यंत आणि फवारणाऱ्याच्या श्वासापर्यंत.

मधाचा त्याग ही जैन घरांतील जुनी मर्यादा आहे. परंतु फुलोऱ्यातील फवाऱ्याने मधमाश्या मरत असतील, तर तो त्याग अपुराच राहतो. वेळेवर पऱ्हाटी काढणे, फरदड टाळणे, किडकी बोंडे वेचणे, कामगंध सापळे लावणे, या उपायांनी हिंसा सर्वस्वी टळत नाही, पण पुष्कळ घटते. शेती करणाऱ्याने, तसेच कापूस व औषधांचा व्यापार करणाऱ्यानेही, एवढा विवेक पाळला तर पोळे सुरक्षित राहील, बोंड राहील आणि फवारणारा मजूर सायंकाळी सुखरूप घरी परतेल.