निबंधाची वही

शाळेच्या वेळापत्रकातील निबंधाचा तास बहुतेक मुलांना नकोसा वाटतो. मुलांपाशी सांगण्यासारखे काही नसते, असे मात्र नव्हे. मधल्या सुटीत हीच मुले विहिरीत पडलेल्या वासराची हकिगत अशा रंगाने सांगतात की, ऐकणाऱ्याने हातातला घास विसरावा. मग घंटा होते, फळ्यावर ‘मी पाहिलेली जत्रा’ हा विषय उमटतो, आणि इतका वेळ वाहणारी वाणी लेखणीच्या टोकाशी येऊन अडते. अखेर मार्गदर्शक पुस्तकातील जत्रा वहीत उतरते. ज्याने जन्मात आकाशपाळणा पाहिला नाही, तोही त्यात बसून येतो. सारा वर्ग एकाच जत्रेला जातो आणि एकाच वाक्याने घरी परततो. यात भाषेची हानी होते हे उघड आहे. पण त्याहून मोठी हानी निराळीच आहे. आपल्या डोळ्यांपेक्षा छापील वाक्य अधिक विश्वासाचे, हा धडा मूल येथे नकळत शिकते.

वस्तुतः मराठी गद्याचा आरंभ याच्या अगदी उलट रीतीने झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून आणि त्यांच्या आठवणी विचारून. प्रसंग कोठे घडला, कोणी पाहिला, काय बोलणे झाले, याची कसोशी बाळगणारा हा ग्रंथकार शाळकरी मुलालाही गुरू म्हणून लाभावा, असाच आहे.

लेखनाचे प्रकार शिकवताना आधी व्याख्या सांगण्याची चाल आहे. कथन म्हणजे काय, वर्णन म्हणजे काय, हे मुले पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी एकच घटना घेऊन तिच्यावर निरनिराळ्या हेतूंनी लिहावयास लावले, तर भेद आपोआप उमगतो. पुण्याच्या मुलांसाठी अशी घटना दूर शोधावी लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आला, तेही फुटले, आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी लहान असलेली माणसे आज आजी-आजोबा झाली आहेत. मुलाने आजीजवळ बसून तिला विचारावे आणि ऐकलेले लिहावे.

हे झाले कथन. ‘खूप पाणी आले’, असे मूल लिहील. शिक्षकाने त्या जागी अलंकारिक शब्द सुचवू नये, ‘कुठवर आले?’ एवढेच विचारावे. मूल पुन्हा आजीकडे जाईल आणि जिन्याची पायरी मोजून आणील. कथनाचा प्राण या पायरीत आहे. कोठून आरंभ करावा, कशामागून काय घडले, कोणती गोष्ट गाळावी, हे प्रश्न मग तेच मूल विचारू लागते.

वर्णनात काळ थांबतो. पाणी ओसरल्यावर घर कसे दिसत होते? दारापासून आत जावे की छपरापासून खाली यावे? नजरेला क्रम दिला की वाक्यांना क्रम येतो. अहवालाचा धर्म आणखी वेगळा. तेथे पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ चालत नाही. वेळ, स्थळ, संख्या नेमकी लागते. तलाठ्याचा पंचनामा हे अशाच लेखनाचे रूप आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. आणि अर्ज? कोण मागतो, कोणाकडे, काय आणि कोणत्या आधारावर, हे चार ओळींत मांडणे कित्येक पदवीधरांनाही साधत नाही. आपले गाऱ्हाणे आपल्या शब्दांत मांडता न येणारा नागरिक कचेरीबाहेरच्या अर्जनविसावर अवलंबून राहतो. त्याच्या दुःखालाही उसन्या भाषेचे कपडे चढतात. निबंधाच्या वहीचा संबंध येथे थेट लोकशाहीशी पोहोचतो.

सर्वांत शेवटी वैचारिक निबंध यावा. धरण का फुटले, दोष कोणाचा, या प्रश्नांवर नुसती हळहळ पुरत नाही. मताला आधार द्यावा लागतो, विरुद्ध बाजूचे म्हणणेही न्यायाने मांडावे लागते. ज्याने आधी नीट पाहिले आणि नीट सांगितले, त्यालाच नीट विचार करणे जमते.

शिक्षकांची अडचणही ध्यानात घेतली पाहिजे. पन्नास वह्या तपासणे हे कष्टाचे काम आहे. परंतु प्रत्येक चूक तांबड्या शाईने रंगवल्याने मूल लिहिण्यालाच भिऊ लागते. एका वेळी एक-दोन दोष दाखवावेत, आणि त्याआधी मजकुराला माणसासारखे उत्तर द्यावे. अमळनेरच्या शाळेत असताना साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालवीत. लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे, ही जाणीव त्यातून मुलांना मिळे. परीक्षकाखेरीज दुसरा वाचक नसलेले लेखन मात्र लवकरच सुकते.

महाराष्ट्राबाहेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे वाढणाऱ्या मराठी मुलांना तर या रीतीचा विशेष उपयोग आहे. त्यांची शाळा दुसऱ्या भाषेची असते, घरातली मराठी बहुधा बोलण्यापुरती उरते. आजोबा या गावी कसे आले, एवढी एकच हकिगत त्यांनी मराठीत लिहून काढली, तरी भाषेचा आणि कुळाचा धागा एकदम हाती येतो.

विषय बदलला की मार्गदर्शक पुस्तके आपोआप निकामी होतात. साऱ्यांची जत्रा पुस्तकात सापडेल. पण आपल्या आळीतली विहीर, आपल्या घरचा जिना कोणत्याही पुस्तकात सापडावयाचा नाही. तो ज्याचा त्यानेच लिहावयाचा असतो. असे एक पान लिहिणाऱ्या मुलाची वाक्ये अडखळतील, ऱ्हस्वदीर्घ चुकेल. ते पुढे सुधारता येईल. आपण पाहिलेले आपणच सांगावयाचे, हे धैर्य मात्र त्याच वयात यावे लागते.