यात्रेकरूंचे नगर आणि नगरवासीयांचा हक्क

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘जबाबदार पर्यटन’ हा शब्दप्रयोग अलीकडे सरकारी कागदपत्रांत आणि हॉटेलांच्या जाहिरातींत सर्रास आढळतो. प्रवाशाने कचरा टाकू नये, पाणी जपून वापरावे, एवढ्यावरच त्याचा अर्थ संपतो अशी अनेकांची समजूत करून देण्यात आली आहे. सारा भार प्रवाशाच्या सद्भावनेवर टाकला की नगराचे कारभारी आणि धंद्याचे मालक दोघेही मोकळे होतात. वास्तविक २००२ साली केपटाऊन येथे या विषयावर जो जाहीरनामा संमत झाला, त्याचा क्रम निराळा आहे. गाव आधी तेथे राहणाऱ्यांसाठी चांगले झाले पाहिजे, मग ते पाहावयास येणाऱ्यांसाठी चांगले होते, ही त्याची भूमिका. कोल्हापुरात हा क्रम पाळला जाणार की उलटा केला जाणार, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न तातडीचा आहे. मे २०२५ मध्ये चौंडी येथील बैठकीत राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्यासाठी सुमारे १,४४५ कोटी आणि जोतिबासाठी सुमारे २५९ कोटी रुपयांना मान्यता दिली. यात्रेकरूंची सोय व्हावी याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. नवरात्रात लाखो माणसे या चिंचोळ्या रस्त्यांवर येतात. त्यांना पाणी, सावली, स्वच्छतागृह मिळालेच पाहिजे. परंतु परिसर मोकळा करावयाचा म्हणजे कोणाची तरी घरे आणि दुकाने हलवावयाची. ज्याच्या नावावर मिळकत आहे त्याला मोबदला मिळेल. भाड्याच्या गाळ्यात आयुष्य काढलेला दुकानदार, त्याच्याकडे कामाला असलेला नोकर आणि महाद्वार रस्त्यावर ओटीचे सामान विकणारी बाई यांचे काय? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असावयास हव्यात. आराखड्याची प्रत्येक रेघ या समितीपुढे आली पाहिजे. ही मेहेरबानीची याचना नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

आता या व्यवहाराचे अर्थशास्त्र पाहू. किती यात्रेकरू आले, हा आकडा नगराच्या समृद्धीचे माप होऊ शकत नाही. त्यांनी खर्च केलेला रुपया गावात किती काळ फिरतो, हे खरे माप होय. बाहेरच्या कंपनीच्या हॉटेलात उतरलेला, बाहेरून आलेली वस्तू विकत घेणारा प्रवासी शंभर रुपये खर्च करतो, त्यांतील मोठा भाग त्याच दिवशी गावाबाहेर जातो. मागे राहतो तो कचरा, वाहतुकीची कोंडी आणि हंगामी कामगाराची तुटपुंजी मजुरी. म्हणजे नफा खाजगी आणि खर्च मात्र सार्वजनिक.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशीच चप्पल कोल्हापूरचे नावही न घेता मांडली. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. आपला स्वाभिमान दुखावला, ते योग्यच झाले. तथापि मंदिराजवळच्या बाजारात कोल्हापुरी म्हणून कारखान्यातील नकली माल विकला जातो, तेव्हा तो स्वाभिमान कोठे जातो? कातडे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना हमीचा दर मिळावा, अस्सल माल ओळखता यावा, यासाठी महापालिकेने कारागिरांच्या सहकारी संस्थांना मोक्याचे गाळे दिले, तर तेच पर्यटन जबाबदार ठरेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. केरळात कुमरकोम येथे २००८ च्या सुमारास पंचायत, कुटुंबश्रीचे महिला गट आणि हॉटेलचालक यांनी एकत्र बसून स्थानिक भाजीपाल्याच्या खरेदीची व्यवस्था लावली. पुढे २०१७ मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र मिशन उभारले. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील भाजी, दूध, गूळ कोल्हापूरच्या यात्री निवासांत अशाच रीतीने का जाऊ नये? सहकाराची परंपरा तर आपल्याकडे आहेच.

आणि आतिथ्याचा धडा आपल्याला बाहेरून घेण्याचे कारण नाही. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणल्या गेलेल्या गृहस्थाने काढलेल्या सत्यसुधारक हॉटेलात शाहू महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही देववीत. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने येथील अस्पृश्यतेला हुकमाने बंदी केली. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे जातीने ठरू नये, हा त्याचा अर्थ. आज जात विचारून खोली नाकारली जाते काय, हॉटेलातील कामगाराला किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी मिळते काय, हे तपासणे ही त्या वारशाची खरी पूजा आहे.

राहिला प्रश्न निसर्गाचा. पंचगंगेत सांडपाणी मिसळते, रंकाळ्याचे पाणी वारंवार बिघडते, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनी पूररेषेतील बांधकामांची किंमत दाखवून दिली आहे. किरणोत्सवात मावळतीची किरणे देवीपर्यंत पोहोचावयाची, तर त्यांच्या वाटेतही इमारती आडव्या येतात. सूर्याला वाट न देणारी नगररचना माणसाला काय देणार? म्हणून पूररेषेत नवे निवास वा वाहनतळ नकोत, आणि दर्शनाच्या सोयींआधी सांडपाणी शुद्धीकरणाला निधी हवा.

हे सारे ठरवावयाचे कोणी? नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षे निवडणूकच झाली नाही; नगर प्रशासकाच्या हाती होते. लोकांचे प्रतिनिधी नसताना पुढे सरकलेले आराखडे आता प्रभागसभांतून लोकांसमोर मांडले जावेत, अशी मागणी आपण केली पाहिजे. यात्रेकरूंकडून होणाऱ्या उत्पन्नाचा व खर्चाचा ताळेबंदही दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

याच शहराने एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली टोलविरोधी लढा चिकाटीने लढवून टोल रद्द करून घेतला. रस्ता कोणाचा, हे तेव्हा लोकांनी ठरविले. नगर कोणाचे, हेही त्यांनाच ठरवू द्या. कार्यकर्त्यांनी पुढील महिन्याभरात महाद्वार रस्ता आणि जोतिबा रस्ता या दोन वस्त्यांत घरोघर जाऊन भाडेकरू, फेरीवाले आणि कामगार यांची यादी करावी. ती यादी हातात असेल, तरच आपला शब्द सभागृहात ऐकला जाईल.