खरं किती, रचलेलं किती?



पावसाळा लागला, होड्या वर ओढल्या, किल्ल्यावर जाणारे पर्यटकही थांबले. हातात जरा वेळ आहे, म्हणून आज पुस्तकांविषयी बोलते. जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातल्या, पण कल्पनेने रचलेल्या कादंबऱ्यांविषयी.

आधी माझी चूक सांगते. गटातल्या एका काकींना मी नाथमाधवांची 'वीरधवल' वाचायला दिली. मला आवडली, तशी त्यांनाही आवडेल असं धरून चालले. महिन्याभराने पुस्तक तसंच परत आलं आणि काकी दोन आठवडे बैठकीला आल्याच नाहीत. घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "येवढा जाडा पुस्तक माका झेपाक नाय, बाय. तुका काय सांगू, म्हणान इलंय नाय."

काकी चौथी शिकलेल्या. मी पुस्तक पाहिलं, वाचणारं माणूस पाहिलंच नाही.

मग आम्ही ठरवलं, हप्ते गोळा झाले की दहा पानं मोठ्याने वाचायची. पहिल्याच दिवशी प्रश्न आला, "ह्या खरा घडला काय गो?" मी सांगितलं, नाही. 1913 सालची ही कादंबरी, त्यातलं राज्य आणि राजपुत्र कल्पित. यावर काकीच म्हणाल्या, "म्हणजे दशावतारासारख्या!"

किती बरोबर! दशावतारात देव पुराणातले, पण संवाद नट तिथल्या तिथे रचतात. आपण रात्रभर रंगून बघतो, पण त्यातला प्रत्येक शब्द पोथीतला म्हणून सांगत नाही.

कादंबरीचंही तसंच. गुंजीकरांची 'मोचनगड' 1871 सालची. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. काळ शिवरायांचा, पण तो गड कल्पनेतला. आपला सिंधुदुर्ग मात्र 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला, खराखुरा. पर्यटकांना जेवण वाढताना आपण किल्ल्याच्या गोष्टी सांगतो. जरूर सांगा, पण कादंबरीतला प्रसंग असेल तर "हे कादंबरीत आहे" एवढं जोडा. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून ते घरी मुलांना सांगणार असतात.

आणि पुस्तक सुचवताना आधी विचारा, तुला कसली गोष्ट आवडते? पहिलं प्रकरण सोबत वाचा. चारचौघींत "वाचलंस का?" असं विचारू नका. आवडलं नाही तर परत द्यायला संकोच वाटू देऊ नका.

नाथमाधव तरुणपणी कड्यावरून पडले, कमरेखालून अधू झाले. अंथरुणावर वाचत वाचत पुढे लिहू लागले. हे ऐकून काकी बराच वेळ गप्प होत्या. पुढच्या बैठकीला येताना चष्मा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज दोन पाना मी वाचतंय."

अडखळत वाचली, पण दोन्ही वाचली.