वार्धक्याचे प्रश्न कोणी विचारावयाचे?



तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आज मुलगा अथवा मुलगी बी. एस्‌सी.च्या वर्गात शिकत आहे. पदवी हाती येताच तिने नोकरी धरावी, की आणखी पाच-सहा वर्षे संशोधनास द्यावीत, हा प्रश्न उद्या तुमच्या उंबरठ्यावर येणार आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा अनुभव आपण ऐकून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तो मी एका शास्त्रापुरताच सांगतो. ते शास्त्र म्हणजे वार्धक्यशास्त्र.

म्हातारपण राजालाही चुकत नाही, असे आपण म्हणतो. पण राजाचे म्हातारपण आणि वेठबिगाराचे म्हातारपण एक असते काय? अमेरिकेतील वृद्ध कृष्णवर्णीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण गौरवर्णीय वृद्धांच्या सुमारे दुप्पट आढळते. असे का व्हावे, हा प्रश्न साधा आहे. परंतु तो विचारणारा कोणी हवा ना! १९७४ साली त्या देशात वार्धक्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या काळच्या देशव्यापी पाहण्यांत कृष्णवर्णीय माणसे इतकी थोडी घेतली जात, की त्यांच्याविषयी निश्चित असे काही सांगताच येत नसे. मिशिगन विद्यापीठातील जेम्स जॅक्सन या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाने ही उणीव ओळखली आणि १९७९-८० साली आपल्या समाजातील दोन हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी घडवून आणली.

दुसरे उदाहरण कोलंबिया विद्यापीठाचे. १९१३ साली बाबासाहेब जेथे शिकावयास गेले, तेच हे विद्यापीठ. स्मरणशक्तीच्या परीक्षांत कृष्णवर्णीय वृद्धांस कमी गुण पडत, शाळेची वर्षे सारखी असली तरीही. परंतु वेगळ्या ठेवलेल्या, गरीब शाळेतील आठ वर्षे आणि चांगल्या शाळेतील आठ वर्षे एकच कशी मानावयाची? डॉ. जेनिफर मॅन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की, वाचनाची पात्रता जमेस धरली म्हणजे त्या फरकाचा बराचसा भाग नाहीसा होतो. आपल्या ज्या आज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्या निरक्षरतेस कोणी बुद्धिभ्रंश ठरवू नये, असे वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा.

विश्वासाची गोष्ट तर निराळीच. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत शासनाच्या आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांस, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, औषध न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले. ज्यास हे ठाऊक आहे तो म्हातारा परक्या डॉक्टरास सुखासुखी रक्त देईल काय?

म्हणून त्या समाजातील मुले पदवीच्या वर्गात असतानाच प्रयोगशाळेत आणण्याचे प्रयत्न झाले. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर परगण्यातील शाखेत १९८८ साली मायरहॉफ दांपत्याच्या देणगीने अशी योजना सुरू झाली. फ्रीमन ह्राबोस्की हे तिचे प्रवर्तक. पहिल्या वर्षी अवघे १९ विद्यार्थी होते. तिची रीत पाहण्यासारखी आहे. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात मुलांस एकत्र आणून तयारी करून घ्यावयाची, एकट्याने नव्हे, गटाने अभ्यास करावयास लावावयाचे, मार्गदर्शक द्यावयाचा, खरे संशोधन हाती द्यावयाचे, आणि आईबापांसही त्यात सामील करून घ्यावयाचे. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वृद्धांचे सर्वाधिक बळी घेणाऱ्या कोरोनावरील मॉडर्ना लशीच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या किझ्मेकिया कॉर्बेट याच योजनेतून पुढे आल्या. वार्धक्याच्या राष्ट्रीय संस्थेनेही अशाच विद्यार्थ्यांस आपल्या शास्त्राकडे आणण्यासाठी महाविद्यालयांस अनुदाने दिली. विद्यावेतन यात फार मोलाचे. ज्यास संध्याकाळी उपाहारगृहात भांडी घासावी लागतात, त्यास फुकट प्रयोग करावयास सांगणे म्हणजे दार लावून घेणेच होय.

इतके करूनही वाट सरळ झाली नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिक्षण आणि पूर्वीचे लेखन जमेस धरूनही, कृष्णवर्णीय संशोधकांस शासकीय अनुदान मिळण्याचे प्रमाण गौरवर्णीयांपेक्षा १० टक्के-अंकांनी कमी दिसले. २०१९ च्या अभ्यासाने त्याचे एक कारण पुढे आणले : त्यांच्यापैकी अनेक जण समाजाच्या आरोग्याचे विषय निवडतात, आणि अशा विषयांस अनुदान कमी मिळते! पुढे २०२५ साली विविधतेच्या नावाने चाललेल्या अनेक अनुदानांस तेथील शासनाने कात्री लावली. विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाच्या योजनाही तीत सापडल्या. परक्याच्या मर्जीवर चाललेली सोय किती टिकते, हे त्यावरून समजावे.

आता आपल्याकडे पाहा. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशातील ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. अमेरिकेच्या त्याच वार्धक्यसंस्थेचे तीस साहाय्य होते. तीत जातीचीही नोंद आहे, आणि ती माहिती अभ्यासकांस मागणी केल्यावर मिळते. सफाई कामगाराचे, ऊसतोड मजुराचे वार्धक्य कसे जाते, हे त्या आकड्यांस विचारणारी मुलगी तुमच्या घरातली का असू नये?

देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांस उन्हाळ्यात दोन महिने संशोधनासाठी शिष्यवृत्ती देतात. प्राध्यापकांस भेटून तिची चौकशी करा, अर्ज वेळेत भरा. आणि मुलगी त्या दोन महिन्यांसाठी परगावी निघाली, तर लग्नसराईचे कारण सांगून तिला थांबवू नका.