मोहाची बी आणि पहिला पाऊस

वडखळ नाक्यावर अलिबागचा फाटा फुटतो. तिथून पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरात गेलं, की कातकरी-ठाकर वाड्यांवर मोहाचं तेल अजून ओळखीचं आहे. फुलं चैत्रात वेचतात. बी मात्र हाती येते ती पाऊस लागताना. माझं आजचं सांगणं या वेळेपाशीच आहे: बी घाण्यात जाण्याआधी तेल पुष्कळदा झाडाखालीच बिघडलेलं असतं.

बीमध्ये तेल असतं, तसं ते फोडणारं लायपेज नावाचं विकरही असतं. बी कोरडी असेपर्यंत ते निपचित. ओल लागली, बी ठेचली गेली की ते कामाला लागतं आणि तेलातली मेदाम्लं सुटी होतात. चव उग्र होते, तेल लवकर खवट होतं.

हे मोजता येतं, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतही जमतं. मोजून घेतलेलं तेल उदासीन केलेल्या कोमट अल्कोहोलात विरघळवा. भांडं गरम पाण्यात ठेवा, उघड्या ज्योतीवर नको. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. मग ठाऊक तीव्रतेचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडा. गुलाबी रंग टिकला की थांबा. एक ग्रॅम तेलामागे जेवढे मिलिग्रॅम हे अल्कली लागलं, तो आम्लांक. कोडेक्स मानकात घाण्याच्या तेलाला तो जास्तीत जास्त ४, रिफाइंड तेलाला ०.६.

पण आम्लांक कमी म्हणून तेल निर्धोक, असं मुळीच समजू नका. खाडीकाठच्या करंजाचं ताजं तेल या परीक्षेत उत्तम उतरेल, तरी ते खायचं नाही. ते दिव्याचं आणि कातडीवर लावायचं. म्हणून करंज गाळलेला घाणा पुरता धुतल्याशिवाय त्यात मोह घालू नये. अशी मिसळ किती महागात पडते पाहा: १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळलं गेलं. माणसांचे पाय सुजले, हृदयं थकली, साठाच्या आसपास माणसं गेली. ते तेल दिसायला मोहरीच्या तेलासारखंच होतं. पिवळा धोतरा आपल्याही रस्त्याकडेला उगवतो, आणि त्याची बी मोहरीसारखीच काळी, बारीक असते.

बुरशी धरलेली बी तर सरळ फेका. अफ्लाटॉक्सिनसारखी बुरशीची विषं कढवून जात नाहीत. चुलीवरच्या माळ्यावर बी सुकवली तर बुरशी टळते हे खरं, पण धुरातले अपायकारक घटक तेलात उतरतात. हवा खेळेल असं, वर पारदर्शक छप्पर असलेलं वाळवण प्रत्येक वाडीला हवं. रोजची बी रोज वेचून, फोडून, डाळ तिथं पसरायची. आणि घेणाऱ्यानं ओल्या बीपेक्षा वाळलेल्या बीला जास्त भाव द्यायला हवा. नाहीतर दिवसभर पावसात वाकून वेचणारी बाई ती वाळवत कशाला बसेल?

मृग लागायला आता तीन आठवडे आहेत. यंदा निदान एका वाडीत तरी असं वाळवण उभं राहिलं, तर दसऱ्यानंतर त्या तेलाचा आम्लांक आपण इथंच, तुमच्यासमोर मोजू.