फोर्टातल्या फर्म आणि गावचं दफ्तर



कायद्याच्या मराठी परिषदांमध्ये आपण न्यायमूर्तींविषयी बोलतो, गाजलेल्या खटल्यांविषयी बोलतो. मुंबईच्या मोठ्या सॉलिसिटर फर्मविषयी मात्र मराठीत फारसं कुणी बोलत नाही. कंपन्या उभारायच्या, विकायच्या, एकमेकींत विलीन करायच्या, कर्जाचे करार बांधायचे, हे काम या फर्म पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. माझी उमेदीची सगळी वर्षं अशाच कामात गेली. म्हणून आज त्याच विषयावर बोलणार आहे.

क्रॉफर्ड बेली या फर्मची सुरुवात 1830 ची. आपलं हायकोर्ट 1862 चं. हायकोर्टाच्याही आधी मुंबईत व्यापाराला सॉलिसिटर लागत होता. लिटल अँड कंपनी 1856 ची. पुढच्याच वर्षी कंपन्यांच्या भागधारकांची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा आला, आणि काही वर्षांतच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका, समुद्रात भरणी करणाऱ्या कंपन्या, वित्तसंस्था भराभर निघाल्या. बॅकबे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. 1865 मध्ये युद्ध थांबलं. त्या साली 1 जुलैला वायद्यांचे सौदे पुरे करायची वेळ आली आणि शहर कोसळलं. दिनशा वाच्छांनी या काळावर लिहिलेलं पुस्तक प्रत्येक तरुण वकिलाने वाचावं असं मी आग्रहाने सांगतो. कंपनी काढताना सॉलिसिटर लागला होता. बुडालेल्या कंपनीचा हिशेब लावताना, कुणाकडून किती येणं आणि कुणाला किती देणं हे ठरवताना तो आणखी जास्त लागला. घाईत काढलेल्या कागदाची किंमत या शहराला तेव्हा कळली.

नंतर देशी नावं आली. 1883 मध्ये वाडिया घँडी, 1895 मध्ये मुल्ला अँड मुल्ला, 1917 मध्ये अमरचंद मंगलदास. यातल्या दिनशा मुल्लांचं नाव आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. हिंदू कायदा, मुस्लिम कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता यांवरचे त्यांचे ग्रंथ आजही न्यायालयात उघडले जातात. पुढे ते प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. पक्षकारांची कामं करता करता इतका पायाभूत अभ्यास मागे ठेवणारा माणूस एका फर्मच्या संस्थापकांपैकी होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

या नावांमध्ये मराठी आडनावं जवळजवळ नाहीत, हे आपल्या लक्षात आलं असेल. त्याचं कारण हायकोर्टाच्या रचनेत आहे. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले दावे, व्यापाराचे तंटे. तिथे पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जायचा, सॉलिसिटर ब्रीफ तयार करून ती बॅरिस्टरला द्यायचा. अपेलेट साइडला मुफसलमधून आलेली अपिलं, जमिनी, वतनं, दत्तकविधान. तिथे वकील थेट पक्षकाराशी बोलायचा. विश्वनाथ नारायण मंडलिकांसारखे आपले थोर वकील या बाजूचे. एकाच इमारतीत दोन जगं होती. 1977 च्या आरंभी ही दुहेरी पद्धत कायद्याने संपली. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा मात्र आजही चालू आहे, आणि तिची पूर्वीची जरबही टिकून आहे.

फर्म खऱ्या अर्थाने मोठ्या झाल्या त्या 1991 नंतर. त्याआधीपासूनच वीसपेक्षा जास्त भागीदार घेण्याला कंपनी कायद्याचीच मनाई होती. परदेशी भांडवल आलं, सेबी आली, खासगी वीज प्रकल्प आले, कामाचा पूर लोटला, तरी ती मर्यादा बरीच वर्षं कायम होती. 2009 मध्ये मर्यादित दायित्व भागीदारीची वाट खुली झाली, पुढे 2013 च्या कंपनी कायद्याने व्यावसायिकांच्या भागीदारीवरचं बंधन काढलं. 2015 मध्ये अमरचंद मंगलदासच्या दोन फर्म झाल्या. परदेशी फर्मच्या प्रवेशाचा वाद 2009 मध्ये मुंबई हायकोर्टात, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणि 2023 मध्ये बार कौन्सिलच्या नियमांपर्यंत आला. हा इतिहास वर्तमानपत्रांतून आपण वाचलेला आहे, तो मी लांबवत नाही.

मला बोलायचं आहे ते कामाविषयी. एखादी कंपनी कारखाना विकत घेते तेव्हा करार शंभर-दीडशे पानांचा, उत्तम इंग्रजीतला असतो. त्यातलं एक वाक्य असं असतं की जमिनीचा हक्क निर्वेध आणि विक्रीयोग्य आहे. सगळा करार त्या वाक्यावर उभा असतो. ते वाक्य लिहिता यावं म्हणून तीस वर्षांचा सर्च घेतात. गहाण सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षांची आहे, म्हणून तीस. 1908 च्या मुदतीच्या कायद्यात ती साठ होती. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोन पाहायची, तलाठ्याकडे सातबारा, आठ अ आणि एकूण एक फेरफार. जमीन कुळाला मिळालेली असेल तर कूळकायद्याचं कलम 43 आडवं येतं का, वतनाची असेल तर नवीन शर्तीची आहे का आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती का, गटवारीत गट नंबर बदलले तेव्हा क्षेत्र जुळलं का, हे सगळं या कागदांत दडलेलं असतं. हे कागद मराठीत आहेत, जुने तर मोडीत. बारकाईने वाचावा लागतो तो ‘इतर हक्का’चा रकाना, आणि कंस करून कमी केलेली नावं.

माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्याकडे एक मॅनेजिंग क्लार्क होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कोकणातून मॅट्रिक होऊन आलेले, मोडी घरीच शिकलेले. रायगड जिल्ह्यातल्या एका जमिनीचा व्यवहार पुरा व्हायला आला होता. अण्णांनी एका फेरफारावर बोट ठेवलं. वारसनोंदीत बहिणीचं नाव होतं. पुढच्या नोंदीत त्याला कंस झाला होता, आणि हक्कसोडपत्राचा उल्लेख कुठेच नव्हता. नोंदणीचं दफ्तर धुंडाळलं. पत्र झालेलंच नव्हतं. मी ज्येष्ठ भागीदारांकडे गेलो. ते एवढंच म्हणाले, ‘‘अण्णा म्हणतात ना? मग थांबवा.’’ पक्षकार रागावला. व्यवहार थांबला. त्या बाईंचा शोध घेतला गेला आणि त्यांचा हिस्सा त्यांना रोख देऊनच खरेदीखत झालं. टायटल सर्टिफिकेटवर सही भागीदारांची होती. अण्णांचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

माझ्या मते मोठ्या फर्मचं मोठेपण त्या बोटात आहे. पक्षकाराला नको असलेली नोंद शोधून काढणारं कुणीतरी फर्ममध्ये असणं, आणि त्याचा शब्द मानून कोट्यवधींचा व्यवहार थांबवणारा भागीदार असणं, या दोन गोष्टींनी फर्म शतकभर टिकते. आज कार्यालयं काचेची झाली, कागदपत्रं संगणकावर तपासली जातात, सातबारा घरबसल्या निघतो. हे चांगलं झालं, सामान्य शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले. पण संगणकावर आजची नोंद दिसते. तिच्यामागे चाळीस वर्षांपूर्वी कुणाचं नाव कसं गेलं, हे कळायला जुना फेरफार वाचणारा माणूसच लागतो. नामांकित विधी महाविद्यालयांतून येणारी मुलं हुशार आहेत, रात्र रात्र राबतात. त्यांच्यातल्या कितींनी तलाठी कार्यालयाची पायरी चढलेली असते? सर्चचं काम बाहेर दिलं जातं, अहवाल ईमेलने येतो आणि तोच करारात उतरतो. यात मला धोका दिसतो. आणि तो पक्षकारापेक्षा त्या कंस झालेल्या बहिणीला जास्त आहे, कारण तिच्या बाजूने टेबलापाशी कुणीच बसलेलं नसतं.

इथे जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले वकील बसले आहेत. जमिनीचे कागद तुम्ही जितके जाणता तितके फोर्टातले बहुतेक भागीदार जाणत नाहीत. मुंबईच्या फर्मनी तुम्हाला प्रत पाठवणारा एजंट समजू नये, सल्लागार समजावं आणि तुमच्या मताला तुमच्या नावासकट अहवालात जागा द्यावी.

म्हणून माझ्या अध्यक्षीय अधिकारात परिषदेसमोर एक ठराव ठेवतो. मोठ्या फर्मनी प्रत्येक नव्या वकिलाला पहिल्या वर्षात निदान एक संपूर्ण टायटल सर्च स्वतःच्या हाताने, मूळ दफ्तर पाहून करायला लावावा. मोडी वाचणाऱ्यांना योग्य मानधन मिळावं आणि टायटल सर्टिफिकेटमध्ये सर्च घेणाऱ्याचं नाव नोंदवलं जावं. ज्या फर्मकडे शंभर वर्षांची दफ्तरं पडून आहेत, त्यांनी पक्षकारांची गुपितं राखून ती अभ्यासकांना खुली करावीत. आणि निवृत्त मॅनेजिंग क्लार्क मंडळींच्या मुलाखती ती माणसं आपल्यात आहेत तोवर नोंदवून घ्याव्यात. या कामाच्या खर्चातला पहिला वाटा मी उचलतो. या ठरावावर दुपारच्या सत्रात चर्चा व्हावी, अशी सर्वांना विनंती करतो.